वीरांचं आणि राक्षसांचं एकच घराणं

पर्सियसने मेड्युसाचं डोकं उडवलं तेव्हा तिच्या मानेतून दोन मुलं बाहेर पडली. एक पंखांचा घोडा पेगासस आणि दुसरा क्रायसेऑर. दोघांचा बाप समुद्रदेव पोसायडन. हेसिअड या कवीने इ.स.पू. ७०० च्या सुमारास देवांच्या वंशावळीचं जे काव्य रचलं, त्यात ही नोंद आहे. ती वाचून थांबू नये, वंशावळ धरून खाली उतरावं. क्रायसेऑरला तीन डोक्यांचा मुलगा झाला, गेरिऑन. तो पार पश्चिमेकडच्या एरिथिया बेटावर राहत होता आणि त्याच्याकडे गुरांचा मोठा कळप होता. त्याला मारून ती गुरं हाकून आणली हेराक्लीसने. या हेराक्लीसची आई अल्कमीनी ही पर्सियसची नात. म्हणजे पर्सियसने मेड्युसाला मारलं आणि पर्सियसच्या पणतूने मेड्युसाच्या नातवाला. मधल्या काळात त्याच पेगाससवर स्वार होऊन बेलेरोफॉन नावाच्या वीराने कायमीरा मारली. सिंहाचं, बोकडाचं आणि सापाचं अंग एकत्र असलेली, तोंडातून आग ओकणारी ही राक्षसीण हेसिअडच्या त्याच वंशावळीतली.

ग्रीक पुराणकथांच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाला मला ही गोष्ट सर्वांत आधी सांगावीशी वाटते. वीर एका बाजूला, राक्षस दुसऱ्या बाजूला आणि मध्ये स्वच्छ रेघ, अशी अपेक्षा धरून या कथांकडे गेलं तर त्यांतलं निम्मं हाती लागत नाही. इथे दोघंही एकाच घराण्यातले आहेत. त्यांचे देव सामायिक आहेत, कधी बापही सामायिक आहे. आणि राक्षस मेला म्हणून त्याचं प्रकरण मिटत नाही. त्याचं कातडं, त्याचं रक्त, त्याचं विष, त्याची मुलं मागे उरतात, आणि पुढची कथा त्यांतूनच चालू होते.

हेसिअडने राक्षसांची व्यवस्थित कुळी दिली आहे. टायफॉन आणि अर्धी स्त्री, अर्धी नागीण असलेली एकिड्ना हे जोडपं. त्यांच्या पोटी गेरिऑनच्या गुरांवर पहारा करणारा कुत्रा ऑर्थस, पाताळाच्या दाराशी बसलेला कर्बेरस आणि लर्नाच्या दलदलीतली अनेक मुंडक्यांची हायड्रा. पुढच्या पिढीत स्फिंक्स आणि निमियाचा सिंह. यातल्या हायड्राला आणि सिंहाला वाढवलं कोणी? देवांची राणी हेरा हिने. झ्यूसला दुसऱ्या स्त्रीपासून झालेल्या हेराक्लीसवर तिचा राग होता, म्हणून तिने हे जीव पोसले. वीराच्या वाट्याला येणारा राक्षस असा देवघरातूनच निघतो. लर्ना आणि निमिया या काल्पनिक जागा नाहीत. दक्षिण ग्रीसमध्ये मायसीनी आणि टिरिन्स या जुन्या किल्ल्यांच्या आसपास ही ठिकाणं आजही दाखवता येतात. स्वीडिश अभ्यासक मार्टिन निल्सन यांनी १९३२ मध्ये एक लक्षणीय गोष्ट मांडली. पुराणकथांची मोठी केंद्रं म्हणजे बहुधा तीच गावं, जी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात मायसीनी संस्कृतीची सत्तास्थानं होती. या काळाच्या मातीच्या पाट्यांवरची लिपी मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली, आणि पिलोसच्या पाट्यांवर पोसायडनचं नाव वाचता आलं. कथांतले देव होमरच्याही आधीचे आहेत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

वीर कोणाला म्हणायचं, याबद्दलही थोडं थांबायला हवं. हेसिअडने आपल्या दुसऱ्या काव्यात मानवाची पाच युगं सांगितली आहेत. सोनं, रुपं, कांसं, मग वीरांचं युग, आणि शेवटी आपलं लोखंडाचं. धातूंच्या उतरंडीत मध्येच घुसलेलं हे चौथं युग म्हणजे थीब्जच्या आणि ट्रॉयच्या वेशीवर मेलेल्या माणसांचं. वीर म्हणजे देवापेक्षा कमी, माणसापेक्षा अधिक आणि मुख्य म्हणजे मेलेला. त्याची कबर असते, तिथे बळी दिला जातो, मद्य ओतलं जातं, त्याच्या हाडांत गावाचं रक्षण करण्याची ताकद असते. इ.स.पू. ४७५ च्या सुमारास अथेन्सचा सेनापती किमॉन याने स्कायरॉस बेटावरून एक प्रचंड सांगाडा, त्याच्याजवळच्या भाल्यासह आणि तलवारीसह, थीसियसचा म्हणून वाजतगाजत शहरात आणला.

चांगुलपणा ही वीराची अट नव्हती. पाउसानियास या प्रवासवर्णनकाराने सांगितलेली अॅस्टिपालियाच्या क्लिओमीडीसची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. हा मुष्टियोद्धा. ऑलिम्पियाच्या स्पर्धेत त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, पंचांनी विजय काढून घेतला आणि त्या दुःखाने त्याला वेड लागलं. गावी परतून त्याने एका शाळेचा खांब उपटला. छप्पर कोसळून सुमारे साठ मुलं दगावली. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथीनेच्या देवळातल्या पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कोणीच नाही. गावाने डेल्फीला विचारणा केली आणि उत्तर आलं की हा शेवटचा वीर आहे, त्याला बळी देऊन मान द्या. त्याने केलं त्याची माफी या उत्तरात कुठेही नाही. ज्याच्या ठायी माणसाच्या मापात न मावणारी शक्ती प्रकटली, त्याच्याशी गावाने कसं वागावं, एवढंच तिथे सांगितलं आहे. राक्षसाच्या ठायीही नेमकी हीच शक्ती असते.

हेराक्लीस हा या सगळ्याचा मेरुमणी. त्याची बारा कामं सर्वांना ठाऊक असतात. ऑलिम्पियाच्या झ्यूस मंदिरावर, इ.स.पू. ४७० ते ४५७ या काळात, ती बारा शिल्पचौकटींत कोरली गेली. पुढच्या दारावर सहा, मागच्या दारावर सहा अशी त्यांची मांडणी होती, आणि बाराचा आकडा पक्का होण्यात त्या चौकटींचा वाटा असावा. त्यांतली सिंहाची चौकट पाहावी. तिथे झुंज नाहीच. सिंह मरून पडला आहे, त्याच्यावर एक पाय ठेवून दाढीमिशा न फुटलेला पोरसवदा हेराक्लीस उभा आहे आणि त्याने डोकं हातावर टेकवलं आहे. पहिल्याच कामानंतर तो थकलेला आहे. शेजारी अथीना आहे. पुढच्या एका चौकटीत त्याने आकाश खांद्यावर घेतलं आहे आणि अथीना मागून एका हाताने सहज आधार देते. शिल्पकाराला पराक्रमापेक्षा त्याचा भार दाखवायचा होता, असं मला ही शिल्पं पाहताना वाटतं.

त्या सिंहाचं कातडं कोणत्याही हत्याराने फाटत नव्हतं. हेराक्लीसने ते सिंहाच्याच नखांनी सोललं आणि पांघरलं. तेव्हापासून त्याची ओळख म्हणजे त्याने मारलेल्या जनावराचा जबडा डोक्यावर घेतलेला माणूस. हायड्राचं तर याहून पुढे गेलं. तिला मारल्यावर त्याने आपले बाण तिच्या पित्तात बुडवले. त्या क्षणापासून हायड्राचं विष कथाभर हिंडत राहतं. एक बाण चुकून कायरॉनला लागतो. हा शहाणा अश्वमानव, अनेक वीरांचा गुरू, अमर असल्यामुळे मरूही शकत नाही, आणि वेदना असह्य होऊन अमरत्वच सोडून देतो. दुसरा बाण नेसस या अश्वमानवाला लागतो, कारण तो नदी पार करून देताना हेराक्लीसच्या बायकोवर, डायनिरावर हात टाकतो. मरता मरता नेसस तिला सांगतो की माझं रक्त जपून ठेव, नवऱ्याचं मन दुसरीकडे वळलं तर उपयोगी पडेल. वर्षांनंतर हेराक्लीस आयोली नावाच्या मुलीला घरी आणतो, तेव्हा डायनिरा ते रक्त एका अंगरख्याला लावून त्याच्याकडे पाठवते. अंगरखा अंगाला चिकटतो आणि मांस जळू लागतं. सोफोक्लीसच्या नाटकात हेराक्लीसला तेव्हा जुनी भविष्यवाणी आठवते. जिवंत असलेल्या कोणाच्या हातून त्याला मरण नाही, मेलेल्याच्या हातून आहे. जगातले राक्षस संपवत फिरलेला माणूस अशा रीतीने त्याच्या दुसऱ्या कामात मेलेल्या राक्षसिणीच्या विषाने मरतो.

तरी विष संपत नाही. इटा पर्वतावर चिता पेटवणाऱ्याला हेराक्लीसचं धनुष्य आणि ते बाण मिळतात. ते फिलॉक्टीटीसकडे येतात. त्याला साप चावतो, जखमेची दुर्गंधी आणि किंकाळ्या सहन न होऊन ट्रॉयकडे निघालेले सोबती त्याला लेम्नॉस बेटावर टाकून जातात. दहाव्या वर्षी त्याच्याशिवाय ट्रॉय पडणार नाही असं कळल्यावर त्याला आणावं लागतं, आणि त्याच्या बाणाने पॅरिस मरतो. लर्नाची दलदल ते ट्रॉयची तटबंदी, सगळीकडे एकच विष. ग्रीक कथाकारांनी ही साखळी एका बैठकीत रचलेली नाही. शतकानुशतकं वेगवेगळ्या कवींनी दुवे जोडले. पण सगळे एकाच दिशेने जोडत राहिले, हे विसरता येत नाही.

असाच दुसरा धागा बैलाचा. क्रीटचा राजा मिनॉस याने पोसायडनकडे बैल मागितला, बळी देईन असं कबूल केलं आणि समुद्रातून आलेला तो देखणा बैल पाहून मन बदललं. देवाच्या कोपाने मिनॉसची राणी पासिफाई त्या बैलाच्या मोहात पडली आणि बैलाच्या डोक्याचा मुलगा जन्मला. त्याला आपण मिनोटॉर म्हणतो. त्याचं स्वतःचं नाव होतं अॅस्टेरियस. त्याला मारणाऱ्या थीसियसच्या बापाबद्दल दोन मतं आहेत. अथेन्सचा राजा ईजियस हे एक आणि पोसायडन हे दुसरं. दुसरं मत धरलं तर मिनोटॉरला कोंडलेल्या चक्रव्यूहाच्या तळाशी पोसायडनचा मुलगा पोसायडनच्याच बैलाच्या मुलासमोर उभा असतो. तो मूळ बैल हेराक्लीसने आधीच ग्रीसमध्ये आणून सोडला होता. मॅराथॉनच्या माळावर त्यालाही थीसियसनेच संपवलं. आता बैलांचा हिशेब पूर्ण झाला असं वाटतं. पण पुढे थीसियस, बायकोच्या खोट्या आरोपावर विसंबून, आपल्याच मुलाला शाप देतो आणि पोसायडनला तो खरा करायला सांगतो. समुद्रातून पुन्हा एक बैल बाहेर येतो, हिप्पोलिटसचे घोडे बुजतात आणि मुलगा फरफटला जाऊन मरतो. युरिपिडीसने इ.स.पू. ४२८ मध्ये हे नाटक सादर केलं. दोन बैल मारणाऱ्या माणसाने तिसरा स्वतः बोलावला.

पोसायडनचं नाव इथे वारंवार येतं ते उगाच नाही. मेड्युसाच्या मुलांचा बाप तो, सायक्लॉप्स पॉलिफीमसचा बाप तो, थीसियसचाही तो. या देवाची एक छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली आहे. रोमशी व्यापार चालू असलेल्या काळात ती समुद्रमार्गे इकडे आली. समुद्राचा हा लहरी मालक सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी पोहोचला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आकाशातही या कथांनी आपल्याकडे घर केलं आहे. तारे पाहणारे मराठी लोक ज्यांना ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा म्हणतात, ते तारकासमूह म्हणजे ग्रीकांचे पर्सियस, अँड्रोमेडा, कॅसिओपिया आणि सिफियस. ययातीतला अल्गोल तारा मेड्युसाच्या कापलेल्या डोक्याच्या जागी आहे. सुमारे २ दिवस २१ तासांनी त्याचं तेज मंदावतं आणि पुन्हा वाढतं.

मेड्युसाबद्दल आजचा वाचक एक विशिष्ट कथा मनात घेऊन येतो. ती सुंदर मुलगी होती, देवाने तिच्यावर देवळात अत्याचार केला आणि शिक्षा मात्र देवीने तिलाच दिली. ही कथा रोमन कवी ओव्हिडची, इ.स. ८ च्या सुमारासची. हेसिअडकडे ती जन्मतःच तीन गॉर्गन बहिणींपैकी एक आहे, आणि तिघींत तीच एकटी मर्त्य. या कथांना एक प्रमाण पोथी नाही. होमरच्या ओडिसीत ईडिपस सत्य उघड झाल्यावरही थीब्जवर राज्य करत राहतो. आपल्याला ठाऊक असलेला, पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलेला, डोळे फोडून घेणारा राजा सोफोक्लीसचा. म्हणून एखादी कथा वाचताना ‘खरी कोणती’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि कोणी, केव्हा, काय बदललं हे पाहावं. बदलाच्या जागीच कवी बोलत असतो.

राक्षसांच्या बाजूने बोलणारे कवीही ग्रीकांना फार लवकर लाभले. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या स्टेसिकोरसने गेरिऑनवर मोठं काव्य लिहिलं. ते हरवलं होतं. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत मिळालेल्या पपायरसच्या तुकड्यांतून त्याचा काही भाग १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गेरिऑनची आई कॅलिरोई त्याला लढायला जाऊ नकोस म्हणून विनवते, ज्या छातीशी धरून पाजलं तिची आण घालते. बाण लागल्यावर त्याची मान पाकळ्या गळणाऱ्या खसखशीच्या फुलासारखी कलते. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळात, इ.स.पू. ५८० च्या सुमारास, दर्शनी त्रिकोणात मध्यभागी प्रचंड मेड्युसा कोरली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना पेगासस आणि क्रायसेऑर ही तिची मुलं आहेत. डोकं तुटल्यावर जन्मलेली मुलं डोकं असलेल्या आईच्या कुशीत. काळाच्या हिशेबाने हे अशक्य आहे. पण देवळाच्या माथ्यावर बसून वाईट नजर परतवणारी ही बाई शिल्पकाराला आई म्हणूनही दाखवायची होती.

इतर सूत्रांबद्दल थोडक्यात. भविष्यवाणी टाळण्यासाठी केलेलं प्रत्येक कृत्य तिला जवळ आणतं. नातवाच्या हातून मरण आहे म्हणून अॅक्रिसियसने मुलीला आणि बाळाला पेटीत घालून समुद्रात सोडलं आणि शेवटी तो लॅरिसाच्या खेळांत पर्सियसच्या हातून सुटलेली थाळी लागून मेला. भविष्याला झ्यूसही भितो. थेटिसचा मुलगा बापापेक्षा मोठा होईल हे कळताच तो तिचं लग्न एका माणसाशी लावून देतो, आणि जगाला अकिलीस मिळतो, मरण ठरलेला. वीराला वाट दाखवणारी स्त्री बहुतेकदा वाटेत टाकली जाते. एरिअॅडनी नॅक्सॉसवर, मीडिया कॉरिंथमध्ये. मीडियाबद्दल पुष्कळ लिहिण्यासारखं आहे, पण तिची कथा स्वतःच एवढी प्रखर आहे की तिच्याआधी इतर कोणी बोलू नये.

अॅट्रियसच्या घराण्याकडे मात्र लक्ष वेधायला हवं. टँटॅलसने मुलाला कापून देवांना वाढलं, अॅट्रियसने भावाला त्याचीच मुलं खाऊ घातली, अॅगमेम्नॉनने मुलगी बळी दिली, बायकोने त्याला मारलं, मुलाने, ओरेस्टीसने, तिला. इथे राक्षस बाहेरून यावाच लागत नाही. आईच्या रक्ताचा सूड घ्यायला एरिनिस येतात. काळ्या, डोळ्यांतून घाण गळणाऱ्या, देवांनाही किळस वाटावी अशा. एस्किलसने इ.स.पू. ४५८ मध्ये या कथेला जे वळण दिलं ते मला साऱ्या ग्रीक पुराणपरंपरेतलं सर्वांत धाडसी वाटतं. ओरेस्टीस त्यांना मारत नाही. एरिओपॅगस टेकडीवर न्यायसभा बसते, मतं समसमान पडतात, ओरेस्टीस सुटतो. मग अथीना त्या संतापलेल्या म्हाताऱ्यांची समजूत घालत बसते. त्यांना शहरात जागा देते, मान देते, आणि त्या जमिनीखालच्या आपल्या घरात जातात. तलवारीशिवाय निकालात निघालेलं राक्षसांचं हे मोठं प्रकरण.

म्हणूनच या संग्रहात शेवटी ठेवलेली ईडिपसची कथा वाचकाने शेवटीच वाचावी अशी माझी विनंती आहे. स्फिंक्सला हरवणारा, बापाला मारणारा, आईशी लग्न करणारा, ज्याला पाहून लोक तोंड फिरवतात असा तो आंधळा म्हातारा आपल्या मुलीचा, अँटिगनीचा, हात धरून अथेन्सजवळ कलोनसला येतो. ज्या राईत तो टेकतो ती त्याच जमिनीखालच्या देवींची असते. गावकरी त्याला तिथून उठायला सांगतात. त्याला आसरा देतो थीसियस. पुढे ईडिपसवर संकट येतं तेव्हा तो पोसायडनच्या वेदीवर बळी देत असतो आणि आरडाओरडा ऐकून धावत येतो. ज्याला थीब्जने हाकललं त्याच्या कबरीत अथेन्सचं रक्षण करण्याची शक्ती आहे, हे देवांनी ठरवलेलं असतं. ती जागा फक्त थीसियसला कळते आणि त्याने ती मरताना फक्त आपल्या वारसाला सांगायची असते. सोफोक्लीसने हे नाटक अगदी म्हातारपणी लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, नातवाने ते रंगभूमीवर आणलं. कलोनस हे सोफोक्लीसचं जन्मगाव होतं.